नळीतलं तीर्थ

वनजाबाईंनी एसीच्या तांब्याच्या नळीत पळीभर तीर्थ सोडलं, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. एसी बसवायला आलेला रघु भिंतीला भोक पाडून, एक जाड आणि एक बारीक अशा दोन नळ्या हॉलपासून गच्चीपर्यंत ओढून, त्यांच्या चारही तोंडांना चिकटपट्टी गुंडाळून मंडी मोहल्ल्यात पितळी नट आणायला गेला होता. वनजाबाई स्टुलावर चढल्या, जाड नळीची पट्टी सोडली, तोंड जरा वर उचललं, रामाचं नाव घेतलं आणि पळी कलती केली. मग पट्टी होती तशी गुंडाळली. उघडलेलं झाकून ठेवायचं, हे वळण त्यांना माहेरचं होतं.

तीर्थही साधं नव्हतं. तलकाडला गेल्या पंचलिंग दर्शनाच्या वेळी त्या तासन् तास रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि येताना कावेरीचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड बंद करून घेऊन आल्या होत्या. आज पहाटे तो गडू उघडून त्यात तुळशीचं पान आणि भीमसेनी कापराची चिमूट टाकली होती. एसीच्या पांढऱ्या पेटीला हळदकुंकू लावून झालं होतं, लिंबूही बांधून झालं होतं. म्हैसुरात आयुधपूजेला मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण वनजाबाईंचं समाधान होईना. गार वारा येणार तो नळीतून. मग पेटीवर तीर्थ शिंपडून काय उपयोग? माणसाला तीर्थ पाजतात, त्याच्या सदऱ्यावर शिंपडून भागवत नाहीत.

इतकी काळजी करायला कारण होतं. नजरबादच्या या घरात एकोणीस वर्षं रामनवमीच्या उत्सवातलं एक कीर्तन होत आलं होतं. बुवाही ठरलेले, बिंदुमाधवबुवा. चार वर्षांपूर्वी ऐन आख्यानात, वीणा गळ्यात असताना, बुवांना उकाड्यानं घेरी आली. वनजाबाईंनी कांदा हुंगवला, पंखा घातला, आणि बुवा शुद्धीवर आल्यावर स्वतः रडायला लागल्या. पुढच्याच गल्लीतल्या दामोदररावांकडे एसीचा मोठा हॉल होता. त्यांनी मोठ्या मनानं दार उघडलं आणि कीर्तन तिकडे गेलं ते गेलंच. ‘म्हैसुरात एसी कशाला लागतो’ असं जन्मभर म्हणत आलेल्या वनजाबाई तीन वर्षं दामोदररावांकडे शाल पांघरून, पाहुण्यासारख्या मागच्या रांगेत बसून कीर्तन ऐकत होत्या.

यंदा त्यांनी धीर करून बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, येतो की. पण शहात्तरावं लागलंय, डॉक्टरांनी उकाड्यात उभं राहायचं नाही म्हणून दम दिलाय. पाच वाजता येऊन बघतो. हॉल गार असला तर तुमच्याकडे, नाहीतर दामोदरराव सतरंज्या घालून तयार आहेतच. हे कळल्यावर बेंगळुरूच्या लेकीनं, चैत्रानं, एसी धाडला. तो येऊन पोचला कीर्तनाच्या आदल्या संध्याकाळी.

यजमान दत्तोजीराव या सगळ्यापासून चार हात लांब होते. शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस देवाला नमस्कार करायचा तो जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला करावा तसा, चालता चालता. एकोणीस वर्षं कीर्तन घरात झालं आणि एकोणीस वर्षं ते व्हरांड्यात पेपर घेऊन बसले. आत या म्हटलं तर म्हणायचे, आवाज येतोय तेवढा पुरे. लिंबू बांधताना बायकोला पाहून ते सकाळी म्हणाले होते, “या कंपनीनं पाच वर्षांची गॅरंटी दिलीय. लिंबाची किती दिवसांची?”

रघु बारा वाजता परत आला. चाळिशीचा, बारीक मिशीचा माणूस. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की कुठली भाषा कुठे संपते ते त्यालाही सांगता आलं नसतं. कामात मात्र सोवळा. नळ्या पेटीला जोडल्या, नट आवळले, आणि गच्चीवर पंप लावताना त्यानं दत्तोजीरावांना समजावून सांगितलं. नळीत आत्ता साधी हवा आहे आणि हवेबरोबर ओल आहे. दोन्ही ओढून काढायचं, आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही, आणि मगच गॅस सोडायचा. पाण्याचा थेंब राहिला तर तो बारीक वाटेत गोठून बसतो, आतलं तेल आंबतं, आणि वर्षभरात यंत्र बसतं.

“पुष्कळ लोक पाच मिनिटं पंप लावतात आणि गॅस सोडून जातात, मेष्ट्रे,” रघु म्हणाला. मास्तरांना तो कानडी रिवाजाप्रमाणे मेष्ट्रे म्हणत होता. “मी नाही तसं करत. ही नळी म्हणजे देवळाची गर्भगुडी. आधी झाडून स्वच्छ, मग देव.”

त्याच्यापाशी एक छोटा मीटर होता. स्वतः हौसेनं घेतलेला आणि बायकोच्या रेशमी खणात गुंडाळून ठेवलेला. आतली हवा जसजशी जाईल तसतसा त्याच्यावरचा आकडा खाली यायचा. पाचशेच्या खाली आला की पंप बंद करायचा आणि अर्धा तास नुसतं बघत बसायचं. आकडा तिथेच राहिला तर नळी शुद्ध. वर चढला तर काहीतरी चुकलं.

एक वाजता आकडा दोन हजारांपाशी घुटमळत होता. दीड वाजता तिथेच. रघुनं पंप बंद केला तर आकडा भराभर वर चढला. त्यानं नट पुन्हा आवळले, पंप पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्यानं साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावला, दुकानातून नायट्रोजनचा सिलिंडर मागवून नळ्यांत दाबून भरला आणि पाऊण तास दाबाचा काटा पाहिला. काटा जागचा हलला नाही. कुठे गळत नव्हतं.

वनजाबाई दर दहा मिनिटांनी जिना चढून येत, आकडा बघत आणि काही न समजून खाली जात. खाली कोसंबरीची डाळ भिजली होती, पानकाचा गूळ विरघळला होता, शेजारणी सतरंज्या झटकत होत्या. आज चारला उठलेल्या वनजाबाईंचे पाय आता जिन्यावर बोलायला लागले होते.

तीन वाजता रघुनं नायट्रोजन सोडून दिला आणि पंप पुन्हा लावला. या खेपेला पंप बंद केल्यावर आकडा वर चढला आणि एका जागी जाऊन थांबला. रघु बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

“गळती असती तर हा थांबलाच नसता,” तो म्हणाला. “चढतच गेला असता. हा चढतो आणि बसतो. आत नीरु आहे, मेष्ट्रे. पाणी.”

“पाणी?” दत्तोजीराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “कुक्करहळ्ळीच्या तळ्यावरून वारा येतो. हवेत दमटपणा असतो.”

“दमटपणा इतका नसतो.”

“चैत्र महिना आहे. सांगता येत नाही.”

रघुनं पंपाच्या काचेतून आतलं तेल पाहिलं. सकाळी ते मधासारखं स्वच्छ होतं. आता ताकासारखं पांढरं झालं होतं. आणि पंपाच्या तोंडातून जी वाफ बाहेर पडत होती तिच्याकडे नाक नेऊन तो एकदम मागे सरला. पुन्हा पुढे झाला, पुन्हा वास घेतला. मग जिन्यात उभ्या असलेल्या वनजाबाईंना म्हणाला, “अम्मा, माझं डोकं उन्हानं फिरलंय की काय कळत नाही. पंपाला देवळाचा वास येतोय.”

वनजाबाईंना पाणी हा शब्द ऐकल्यापासूनच घाम फुटला होता.

आता यात त्यांची लबाडी नव्हती हे सांगायला हवं. त्यांच्या मनाला ते पटतच नव्हतं. नळीत पाणी गेलं असेल तर वाईट झालं, पण आपण पाणी कुठे घातलंय? आपण तीर्थ घातलंय. तीर्थानं कुणाचं काही बिघडल्याचं त्यांनी इतक्या वर्षांच्या कीर्तनात एकदाही ऐकलं नव्हतं. शिवाय, नळीत तीर्थ सोडलं हे दत्तोजीरावांसमोर कबूल करायचं म्हणजे उरलेलं आयुष्य त्यावरचे शेरे ऐकत काढायचं.

तेवढ्यात रघुचा फोन वाजला. दुकानाच्या मालकांचा होता आणि मालकांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. नळी उघडी टाकून नट आणायला गेला असशील, दुसरं काय होणार, असं ते म्हणत होते. रघु म्हणाला, पट्टी लावली होती. मालक म्हणाले, पट्टी लावली असती तर पाणी गेलं कुठून? रघु म्हणाला, “आयतु सार, बरं, चूक माझीच असेल.” फोन ठेवून त्यानं सांगितलं की नळ्या उतरवून नव्या घालाव्या लागतील, आज शनिवार, तेव्हा आता सोमवारीच. आणि त्या घालायला दुसरा कुणी येईल. मालकांनी त्याला या कामावरून काढलं होतं.

वनजाबाईंनी त्याला खाली स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, पानकाचा पेला पुढे केला आणि मग जे काय होतं ते एका दमात सांगून टाकलं. रघु पेला हातात धरून ऐकत होता.

“पळीनं?” तो शेवटी म्हणाला.

“एकच पळी. देवाची शपथ.”

“पण नळीत कशाला, अम्मा?”

“वारा तिच्यातूनच येणार ना?”

“नळीतलं काही बाहेर येतच नाही. गॅस आतल्या आत फिरतो. गार वारा म्हणजे तुमच्या हॉलचीच हवा, पेटीतून फिरून आलेली.”

वनजाबाईंनी यावर थोडा विचार केला. “म्हणजे तीर्थ कुणाला मिळालंच नसतं,” त्या म्हणाल्या.

“मला मिळालं की,” रघु म्हणाला, आणि मघाशी वाफेचा वास घेतलेलं नाक त्यानं पुसलं. मग तो हसायला लागला. नोकरीवरचं बालंट टळल्याचा आनंद त्यात होता, पण रागाचा मागमूस नव्हता. पाणी गेलं कुठे ते कळलं, आता काढता येईल, असं त्यानं सांगितलं. मेष्ट्रांना कळायला नको, ही वनजाबाईंची अट त्यानं मान्य केली. त्यांनी स्वतः दुकानात फोन लावून मालकांना चूक आमच्या घरची आहे एवढं ठासून सांगितलं. कुणाची, ते सांगितलं नाही.

रघुनं जाड नळी सोडवली आणि तिच्यातून नायट्रोजनचा झोत सोडला. चार थेंब उडाले, ते त्यानं वनजाबाईंनी पुढे केलेल्या वाटीत धरले, कारण ते गटारात जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. नळी पुन्हा जोडली, पंपात नवं तेल घातलं आणि सव्वाचारला पंप पुन्हा सुरू झाला. आकडा मघापेक्षा खूप खाली आला. मग अडला. पावणेपाचला अडलेलाच होता.

पाच वाजता बिंदुमाधवबुवा आले. त्यांच्या मागोमाग दामोदरराव आले, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. आमच्याकडे दुपारपासून एसी लावून ठेवलाय, हॉल अगदी उटीसारखा झालाय, वनजाताईंनी मनाला लावून घेऊ नये, असं ते फार गोड आवाजात म्हणाले. हॉलमध्ये चाळीस माणसं बसली होती आणि डोक्यावरचा पंखा उकाडा ढवळत होता.

बुवांनी विचारलं तेव्हा वनजाबाईंना खोटं बोलवेना. शेरे मारणाऱ्या नवऱ्यासमोर एकवेळ लपवता येतं, ज्याच्या तोंडून एकोणीस वर्षं हरिश्चंद्र ऐकला त्याच्यासमोर कसं लपवणार? त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. दामोदररावांची किल्ली फिरायची थांबली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दत्तोजीराव व्हरांड्यात होते. त्यांच्याकडून एक तरी शेरा येईल म्हणून वनजाबाईंनी मान खाली घातली, पण पेपरामागून काहीच आलं नाही. हे त्यांना फार चमत्कारिक वाटलं.

बुवांनी रघुला बोलावून घेतलं आणि हे यंत्र काय करतं ते नीट विचारलं. लहान मुलासारखे एकेक प्रश्न विचारत राहिले. आत काही राहू द्यायचं नाही? हवासुद्धा नाही? आणि एक थेंब राहिला तर? मग त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

“दामोदरराव, तुमच्या सतरंज्या राहू द्या तशाच,” ते म्हणाले. “पूर्वरंग मी इथे खुर्चीवर बसून करतो. बसायला डॉक्टरांची ना नाही. आख्यानाला उभं राहावं लागतं, त्याला गारवा हवा. तोवर यंत्र चाललं तर आख्यान इथे, नाही तर सगळे उठून तुमच्याकडे.”

अर्धं कीर्तन एका घरी आणि अर्धं दुसऱ्या घरी, असं म्हैसुरात आजवर झालं नव्हतं. पण बुवांसमोर बोलणार कोण? नमन झालं, नामाचा गजर झाला, आणि खुर्चीवर बसलेल्या बुवांनी पदाला हात घालायच्या आधी गच्चीकडे बोट दाखवलं. वर पंप घरघरत होता.

“ऐकताय ना? हा आवाज मंडळी नीट ऐका. हा माणूस सकाळपासून काय करतोय? नळी रिकामी करतोय. आत जे आहे ते काढल्याशिवाय गॅस भरत नाही म्हणतो. आणि आम्ही? आम्ही देवाला म्हणतो, ये. बस. कुठे बस? आत आधीच मी बसलोय, माझा मान बसलाय, शेजाऱ्याचा एसी बसलाय.”

हॉल खदखदून हसला. दामोदररावही हसले, जरा उशिरा. बुवांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता, आणि वनजाबाई बुवांपेक्षा त्या घामाकडेच बघत होत्या.

रघु गच्चीवरून खाली आला आणि दाराशी उभा राहून त्यानं मान हलवली. बुवांनी हातानंच विचारलं, काय झालं? रघु म्हणाला, एका पळीचं पाणी असतं तर एव्हाना संपलं असतं. आत अजून आहे. अम्मांनी एकच पळी घातली असं त्या म्हणतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पण मीटर ठेवत नाही.

“एकच होती,” वनजाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

बुवांनी झांज मांडीवर ठेवली. “बाईंनी आपलं सांगून टाकलं. त्यांची नळी रिकामी झाली,” ते म्हणाले. “पण यंत्र म्हणतं, अजून कुणाचं तरी आत आहे. यंत्राला काय, ते कुणाची भीड धरत नाही.”

व्हरांड्यात पेपर खळखळला. दत्तोजीराव उठून दारापर्यंत आले, आणि हॉलकडे न बघता नुसत्या रघुशी बोलले.

“रघु, बारीक नळी बघ.”

“बारीक नळी कशाला, मेष्ट्रे?”

“बघ म्हणतो ना.”

“ती सोडवायची तर जोड पुन्हा करावा लागेल. सुम्ने, उगाच कशाला सोडवू? कारण सांगा.”

चाळीस माणसं दत्तोजीरावांकडे बघत होती. एकोणीस वर्षांत ते कीर्तनाच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते.

“कमी दाबात पाणी थंड असतानासुद्धा उकळतं,” दत्तोजीराव म्हणाले. “हे मी तीस वर्षं शिकवलेलं आहे. पंप लावल्यावर ते वाफ होऊन निघून जाणार, हे मला माहीत होतं. त्यामुळे गच्चीवरच्या तोंडातून थोडं घातलं तर काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब होता. त्यात हिचं धरलेलं नव्हतं.”

“किती घातलंत?” रघुनं विचारलं.

“दोन पळ्या.”

“अहो, दोन?” वनजाबाई उभ्याच राहिल्या. “गडूतलं?”

“मग काय नळाचं घालू?”

बुवांचे डोळे बारीक झाले होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मास्तर, पाण्याची वाफ होते ते शास्त्र समजलं. पण घातलंत कशाला?”

दत्तोजीरावांनी हातातल्या पेपराची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली.

“तीन वर्षं ही त्या घरी शाल पांघरून बसते,” ते म्हणाले. “म्हटलं, यंदा तरी इथे व्हावं.”

एवढं बोलून ते रघुच्या मागोमाग निघून गेले. मग दामोदररावांनी गाडीची किल्ली खिशात टाकली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि नळी सोडवायला काही मदत लागते का ते बघायला ते तिसरे गेले.

काम सांगितल्याइतकं अवघड नव्हतं. खिडकीखाली बाहेरच्या भिंतीवर नळ्यांना एक झोळ होता, बारीक नळीतलं पाणी तिथे उतरून साचलं होतं. रघुनं नळी फुंकून काढली, जोड नवा केला, पंप लावला. राहिलेली ओल सुटावी म्हणून त्या झोळावर गरम पाण्यात पिळलेली फडकी ठेवायची होती. एक फडकं दत्तोजीराव ठेवत आणि ते निवेपर्यंत दामोदरराव दुसरं पिळून देत. खिडकीतून आतलं निरूपण ऐकू येत होतं. दामोदरराव मध्येच म्हणाले की त्यांच्याही एसीला बसवताना त्यांच्या आईनं काहीतरी केलं होतं, काय ते अजून कळलेलं नाही.

आकडा पंधराशे झाला, हजार झाला, मग सहाशे. पावणेसातला तो चारशेवर आला आणि रघुनं पंप बंद केला. आता अर्धा तास नुसतं बघायचं होतं. आत निरूपण संपत आलं होतं, बुक्का लावायची वेळ झाली होती. दत्तोजीराव म्हणाले, दहा मिनिटं पुरेत, सोडून दे. रघु म्हणाला, बेडा मेष्ट्रे, नको, अर्धा म्हणजे अर्धा. बुवांना हे कळवलं तेव्हा बुवांनी हसून एक जादा पद घेतलं. आकडा चारशे वीसवर गेला आणि तिथे बसला तो बसलाच.

सव्वासातला रघुनं गॅस सोडला. पेटीनं एक उसासा टाकला आणि गार वारा वनजाबाईंच्या हॉलमध्ये उतरला. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, आणि ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. गुहकाचं आख्यान लावलं होतं. रामाला गंगेपार नेणारा तो नावाडी, नावेत घेण्याआधी पाय धुऊ द्या म्हणून हट्ट धरून बसलेला. शेजारणींनी वनजाबाईंना धरून पहिल्या रांगेत नेलं आणि थेट वाऱ्याच्या झोतात बसवलं.

पहाटे चारला उठलेलं शरीर, दिवसभराचा जिना, आणि तीन वर्षांनी उतरलेलं ओझं. रामलक्ष्मण नदीकाठी पोचायच्या आत वनजाबाईंची मान शेजारणीच्या खांद्यावर पडली. शेजारणीनं एकदा हलवून पाहिलं, मग नाद सोडला. नाव पार झाली, आरती झाली, कोसंबरी वाटली गेली, दामोदररावांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. वनजाबाईंना उठवू नका, असं बुवांनीच सांगितलं होतं.

सकाळी सहाला त्यांना जाग आली तेव्हा त्या हॉलमध्येच गादीवर होत्या आणि अंगावर शाल होती. क्षणभर काही कळेना. मग सगळं कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते कीर्तन घरात झालं आणि त्यातलं आख्यान आपण झोपेत घालवलं. दत्तोजीराव समोर खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर.

“मला उठवायचं तरी,” त्या म्हणाल्या.

“बुवा नको म्हणाले. आणि काही बुडालेलं नाही. मी होतो.”

“व्हरांड्यात.”

“व्हरांड्यात पंखा नाही. मी आत बसलो होतो,” दत्तोजीराव म्हणाले. “ऐकायचं असेल तर सांगतो. सगळं लक्षात आहे.”

त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात धडा शिकवावा तसं सांगायला सुरुवात केली. नदीची रुंदी किती असेल, नाव किती जणांची, इथपासून. पदांच्या ठिकाणी ते थांबत आणि म्हणत, इथे एक पद आहे, आणि मग चाल पूर्ण सोडून ते पद म्हणूनही दाखवत. वनजाबाई शाल पांघरून, गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होत्या. गुहकानं परात आणली. रामानं पाऊल पुढे केलं. गुहकानं ते दोन्ही हातांत धरलं, आणि त्याला दिसलं की त्या पायांना वनातले काटे लागले आहेत.

इथे दत्तोजीराव गप्प झाले. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

“मग?” वनजाबाई म्हणाल्या.

“इथे बुवा जरा थांबले होते,” दत्तोजीराव म्हणाले. “म्हणून मीही थांबलोय.”

“किती वेळ थांबले होते?”

“बराच वेळ,” ते म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.